स्तनाचा कर्करोग, दोन लहान मुलं आणि वाढती बिलं : बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

हे एका विशिष्ट घराचं जसंच्या तसं वर्णन नाही. बडोद्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत या आजारात जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका घरात मांडलं आहे, म्हणून कुणाचंही नाव दिलेलं नाही. रकमा या प्रकरणापुरत्या आहेत; हॉस्पिटल बदललं की त्या बदलतील. क्रम मात्र बदलत नाही, आणि सगळं अवलंबून आहे ते त्या क्रमावरच. कोणता खर्च कशातून भागवायचा आणि कोणता कागद कधी काढायचा, हे बायोप्सीच्या आठवड्यातच ठरलं तर वर्षभराचा उपचार पुरा होतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या केमोला ठरलं, तर तोवर पाटल्या गहाण पडलेल्या असतात.

घर दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीतलं, सासऱ्यांच्या वेळचं. ती ३३ वर्षांची. थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची आणि अजून अंगावर पिणारी. नवरा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, पगार महिना २७,००० रुपये. ती बालवाडीत शिकवायची, पण धाकटीच्या वेळी नोकरी सोडली. सासूबाई घरीच असतात, त्यांना वेगळं उत्पन्न नाही. नवऱ्याची थोरली बहीण कारेलीबागेत राहते आणि शाळेच्या ऑफिसात काम करते. या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक पडला तो या नणंदेमुळे. तो कसा, ते पुढे येईल.

दुधाची गाठ

डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या बाजूला गाठ लागली, तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: दूध साठलंय. शेक दिला, कोबीची पानं बांधली. ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. दुखणं नव्हतं, ताप नव्हता, लाली नव्हती. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, कारण दुधाची गाठ सहसा दुखते आणि पाजल्यावर मऊ पडते. पाजणाऱ्या बाईच्या स्तनातली कोणतीही गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करायची, असा साधा नियम आहे. पाजत असताना सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी तिन्ही करता येतात. या घरात दोन महिने गेले.

बायोप्सीत कर्करोग निघाला. गाठ ३.२ सेंटीमीटरची, काखेत एक गाठ, बाकी शरीरात काही नाही, म्हणजे दुसरा टप्पा. ईआर आणि पीआर, म्हणजे गाठीवरचे हॉर्मोनचे रिसेप्टर, निगेटिव्ह; हर-टू, म्हणजे गाठ वाढवणारं प्रथिन, तीन प्लस. हर-टूचा हा आकडा कागदावर शोधून वाचावाच. शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन प्लस आलं तर फिश ही तपासणी होईपर्यंत निर्णय नाही. सगळ्यात महागडं औषध लागणार की नाही, हे या एका ओळीवर ठरतं. त्यामुळे दुसरं मत घ्यायचं झालं तर फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही. स्लाइड आणि मेणातला ब्लॉक, म्हणजे बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा, प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून मागून घ्यावे आणि तेच पुढे न्यावेत.

ठरलेला उपचार असा: आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. केमोत ‘एसी’च्या, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोडीच्या, चार सायकल दर तीन आठवड्यांनी, मग बारा आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्या जोडीने हर-टूवरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब. यांतलं ट्रॅस्टुझुमॅब एकूण वर्षभर चालणार. केमोआधी गाठीत एक बारीक धातूची खूण घालून घेतली, हे फार बरं झालं. हर-टू पॉझिटिव्ह गाठ केमोने कधी कधी पूर्ण विरघळते, आणि खूण नसेल तर नेमकं कुठून काढायचं हे सर्जनला कळत नाही. मग वाचू शकला असता तो स्तन काढावा लागतो.

एक प्रश्न पहिल्या केमोच्या आधी विचारायला हवा होता, तो कुणीच विचारला नाही: केमोने पाळी कायमची जाण्याचा धोका किती, आणि पुढे मूल हवं असेल तर काय करायचं? हिला आणखी मूल नको होतं. पण ३३ व्या वर्षी पाळी जाण्याचा परिणाम हाडांवर होतो, मनावर होतो, संसारावर होतो. बीजांडं जपण्यासाठी गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू करून दर २८ दिवसांनी देतात. पहिली केमो होऊन गेल्यावर विचारलं तर ती वेळ निघून गेलेली असते. उपचार चालू असताना आणि ट्रॅस्टुझुमॅब संपल्यावर सात महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, तेही हॉर्मोनच्या गोळ्यांशिवाय. तिने तांबी बसवून घेतली.

पहिल्या सहा आठवड्यांत पैसा कुठे गेला

सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी ४,५०० रुपये. बायोप्सी ९,००० आणि तिच्यावरची ईआर, पीआर, हर-टूची मार्कर तपासणी ६,५००. पेट-सीटी, म्हणजे सगळ्या शरीराचा स्कॅन, १६,०००. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ताच्या तपासण्या ४,५००. केमो पोर्ट, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी, ३८,०००. पहिली केमो २४,०००.

दुसऱ्या केमोला नवऱ्याने बिलातली सगळ्यात मोठी ओळ पाहिली आणि ते इंजेक्शन ‘या खेपेला राहू द्या’ म्हणून सांगितलं. बिल १८,५०० वर आलं. वगळलेलं इंजेक्शन पेगफिलग्रास्टिमचं होतं. पांढऱ्या पेशी फार खाली जाऊ नयेत म्हणून ते केमोनंतर २४ ते ७२ तासांत देतात.

दहाव्या दिवशी रात्री अकराला तिला १०१ ताप आला. घरच्यांनी क्रोसिन दिली, ताप उतरला, सकाळी बघू म्हणून सगळे झोपले. सकाळी पुन्हा ताप, थंडी, आणि रक्तात न्यूट्रोफिल पेशी ४००. केमोच्या रुग्णाला १००.४ च्या वर ताप हे रात्री तीन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठण्याचं कारण आहे. पहिली अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात जावी लागते. क्रोसिनने आकडा खाली येतो, जंतू तसेच राहतात, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ताप नाही असं वाटतं. चार दिवस भरती, बिल ४६,०००. वाचवलेल्या इंजेक्शनच्या कित्येक पट.

पैसे कमी पडत असतील तर ‘हे नको’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांना ‘याला स्वस्त पर्याय आहे का’ असं विचारावं. पेगफिलग्रास्टिमच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो, आणि छापील किंमत आणि घाऊक दर यांच्यात तर त्याहून मोठा. बाहेरच्या दुकानातून आणू दिलं जाईल का, हेही विचारता येतं. मात्र हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. रिक्षात पिशवीत घालून तासभर फिरवलं तर पैसे पाण्यात. उलटीची औषधं ही तशीच वगळली जाणारी दुसरी ओळ. ‘एसी’ची उलटी जोरदार असते. चार औषधांच्या संचातलं एक काढलं तर पुढच्या केमोला बाई हॉस्पिटलच्या वासानेच ओकायला लागते, आणि ते मग कोणत्याच औषधाने आटोक्यात येत नाही. संचातली ओलान्झापिनची गोळी अगदी स्वस्त आहे आणि फार कामाची आहे. तिने झोप येते, म्हणून रात्री घ्यायची. ‘ही तर मानसिक रुग्णांची गोळी’ असं कुणी चिठ्ठी वाचून म्हटलं, तरी ती बंद करू नये.

या चार दिवसांच्या भरतीत दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे कारखान्याची आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी, कुटुंबाला दोन लाखांची. नवऱ्याला पक्कं वाटत होतं की २४ तास भरती असल्याशिवाय काही मिळत नाही, म्हणून पोर्ट आणि दोन्ही केमो त्याने खिशातून केल्या. केमो डे-केअरमध्ये मोडते. तिला २४ तासांची अट नाही. दुसरी गोष्ट खोलीची. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,०००. त्यांनी घेतली ३,५०० ची खोली. विमा कंपनी अशा वेळी फक्त खोलीतला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग वगैरे त्याच प्रमाणात कापते. ४६,००० मध्ये खोली १४,००० होती, मिळाले ८,०००. डॉक्टर आणि नर्सिंग १०,५००, मिळाले ६,०००. औषधं आणि तपासण्या १९,५००, त्या पूर्ण मिळाल्या, कारण २०२० च्या नियमांनुसार त्यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. हातमोजे, मास्क, फाईल यांचे २,००० गेले. म्हणजे १२,५०० खिशातून. भरतीच्या खिडकीवर ‘माझ्या पॉलिसीत बसणारी खोली द्या’ एवढं वाक्य म्हणायला हवं होतं. वैद्यकीय कारणाने वेगळी खोलीच लागणार असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊन क्लेमला जोडावं.

एव्हाना घरातून एकूण १,३३,५०० रुपये गेले होते. पाटल्या आणि तन्मणी ठेवून दीड लाखाचं सोनेतारण घेतलेलं होतं. ते निदान बँकेचं होतं. गल्लीतल्या सावकाराचा तीन टक्के दर ऐकायला लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. लाखाला महिना ३,००० फक्त व्याज जातं.

नणंदेची वही

भरतीच्या तिसऱ्या दिवशी नणंद भावाला म्हणाली, “आजपासून बिलं माझ्याकडे. तू फक्त तिच्याजवळ बस.” हे काम रुग्णाने किंवा नवऱ्याने करायचंच नाही, असं आमचं ठाम मत आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर आजार चोवीस तास आहे, त्याला क्लेमच्या अर्जातल्या जोडपत्र अ आणि ब यांतला फरक दिसत नाही. रागही लवकर येतो, आणि खिडकीवर राग महागात पडतो.

तिने दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर तारीख, काय झालं, कोण काय म्हणालं. उजव्या पानावर रक्कम, पावती क्रमांक, मूळ पावती कुठल्या फोल्डरात, क्लेम गेला की नाही. प्रत्येक कागदाचा फोटो वेगळा. सगळ्यात आधी जुन्या खर्चाचा क्लेम. पोर्ट आणि दोन केमो मिळून ८०,५००, आणि त्याआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्या, कारण या पॉलिसीत भरतीपूर्व ३० दिवसांचा खर्च मिळतो: बायोप्सी, मार्कर, पेट-सीटी, इको आणि रक्त मिळून ३६,०००. मॅमोग्राफी तीस दिवसांच्या बाहेर पडली. उशीर का झाला याचं साधं, खरं कारण अर्जात लिहिलं. १,१६,५०० मागितले, १,०३,००० मंजूर झाले. कापल्यापैकी ७,००० किरकोळ साहित्याचे. उरलेले ६,५०० मार्कर तपासणीचे, कारण त्या प्रयोगशाळेने पावती व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवली होती. शिक्का नाही, क्रमांक नाही. आलेल्या पैशांतून सोनेतारणाचा मोठा भाग फिटला. पॉलिसीत ६३,५०० शिल्लक राहिले, ते पुढच्या तापासाठी तसेच ठेवायचं ठरलं.

कार्ड

यापुढचा सगळा उपचार पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर न्यायचा होता. गुजरातेत २०१२ साली सुरू झालेली मा योजना पुढे आयुष्मान भारतशी जोडली गेली. वार्षिक उत्पन्न चार लाखांपर्यंत असलेलं कुटुंब तिच्यात बसतं, आणि जुलै २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांचं संरक्षण आहे. या घराने चौकशीच केली नव्हती. ती नोकरी करत होती तेव्हा दोघांचं मिळून चार लाखांच्या वर जायचं, त्यामुळे ‘आपण बसत नाही’ हे डोक्यात पक्कं होतं. तिने नोकरी सोडल्यावर उत्पन्न ३,२४,००० वर आलं, हे कुणी मोजलं नाही. शिवाय ‘ते गरिबांचं असतं’ ही भावना. चांगल्या घरच्या माणसांना या भावनेने जितकं बुडवलं आहे तितकं आजाराने नसेल.

कार्ड निघायला अडलं ते तिच्या नावावर. योजना कुटुंब ओळखते ते रेशनकार्डावरून. तिचं माहेर इंदूरचं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी नाव माहेरच्या रेशनकार्डावर, आधारवर मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव माहेरचं. मग उलट्या क्रमाने काम झालं. इंदूरला भावाने नाव कमी केल्याचा दाखला काढून पाठवला, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आधार दुरुस्त केलं, मग बडोद्याच्या रेशनकार्डावर नाव चढवलं. त्याच दरम्यान मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून आवकीचा, म्हणजे उत्पन्नाचा, दाखला काढला. नवऱ्याची पगारपत्रकं, वीजबिल, आधार, रेशनकार्ड घेऊन नणंद गेली, तर पहिल्या दिवशी परत पाठवलं: अर्जदार स्वतः हवा. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला अर्धी रजा काढावी लागली. ज्यांच्या घरात सून आली आहे आणि तिचं नाव अजून चढवलेलं नाही, त्यांनी हे आजच करून टाकावं. त्यासाठी आजाराची वाट बघू नये.

कार्ड हातात आल्यावरही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मागची बिलं कार्डावर चढत नाहीत. आणि मंजुरी एकदाच मिळून वर्षभर चालत नाही. केमोच्या प्रत्येक सायकलला वेगळी, ऑपरेशनला वेगळी, रेडिएशनला वेगळी. मंजुरीसाठी बायोप्सी, स्कॅन आणि डॉक्टरांच्या बैठकीत ठरलेल्या उपचाराचं पत्र लागतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं; त्याच्याशी ओळख ठेवावी, आणि केमोच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार दिवस आधी फाईल द्यावी. योजनेच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलने कार्ड असूनही पैसे मागितले तर १४५५५ वर तक्रार करता येते.

आधीचं हॉस्पिटल पॅनेलवर नव्हतं, म्हणून मधेच बदलावं लागलं. शहरात सयाजीराव हॉस्पिटल आहे, वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल, अहमदाबादला असारव्यात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. निवड करताना फक्त नाव बघून चालत नाही. केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन तिन्ही एकाच ठिकाणी कार्डावर होतील का, हे विचारायचं. हॉस्पिटल बदलताना सोबत न्यायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे केमोचा तक्ता. कोणतं औषध किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला. ‘एसी’तल्या डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची मर्यादा असते, कारण ते हृदयावर साठत जातं. हिला प्रत्येक वेळी ९० मिलिग्रॅम, दोनदा, हे नव्या डॉक्टरांना लेखी मिळालं. नाही तर त्यांना अंदाजाने पुढे जावं लागतं. आणि हे सगळं तिसऱ्या केमोची तारीख न चुकवता. त्या तारखेआधी कागद पुरे होणार नाहीत असं दिसलं, तर एक केमो पैसे भरून घ्यावी. कागदांसाठी केमो थांबवू नये. या घरात नाव अगदी तारखेच्या तोंडावर चढलं आणि तारीख कशीबशी साधली.

वर्षभराचं औषध

ट्रॅस्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी घेतलं तर वर्षाला १७-१८ डोस होतात. घरं मोडतात ती इथे. केमो संपलेली असते, केस परत येत असतात, नातेवाइकांना वाटतं झालं सगळं. आणि औषध अजून अर्धं बाकी असतं. म्हणून कार्ड मिळाल्या दिवशीच आरोग्यमित्राला तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्यायची: हे औषध कुठल्या पॅकेजमध्ये आहे, किती डोसपर्यंत आहे, आणि ऑपरेशननंतरचे डोस त्यातच येतात का. खाजगी पॉलिसीतही आधी बघावं. अशी प्रतिपिंडाची इंजेक्शनं ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत धरून त्यांच्यावर वेगळी उपमर्यादा लावलेली असते.

काही डोस स्वतःच्या पैशांनी घ्यायची वेळ आली तर वजनाचा हिशेब मांडावा. मात्रा अशी: पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, पुढचे ६. हिचं वजन ५५, म्हणजे पहिला ४४०, पुढचे ३३०. कुपी ४४० ची येते. सोबतचं जंतुरोधक पाणी २० मिलिलिटर घालून विरघळवलेली ही कुपी २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकते, आणि पुढचा डोस असतो २१ व्या दिवशी. पहिल्या ३३० नंतर ११० उरतात. पुढच्या वेळी ते ११० आणि नव्या कुपीतले २२०. मग उरलेले २२० आणि तिसऱ्या कुपीतले ११०. चौथ्याला उरलेले ३३०. चार डोस, तीन कुप्या. हे हॉस्पिटलच्या फार्मसीत, नाव-तारीख लावून, तिथल्याच फ्रिजमध्ये ठेवलं तरच. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. साध्या पाण्यात विरघळवलेली कुपी इतकी टिकत नाही, हे नर्सला आधी सांगावं. भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं, २०१४ पासून बाजारात आहेत. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर ती घ्यायला काही हरकत नाही.

पैसा खरंच संपत असेल तर गुपचूप यायचं बंद होऊ नये. सहा महिने आणि वर्ष यांची तुलना करणारा पर्सेफोन नावाचा मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात सहा महिने फारसे कमी पडले नाहीत. हिच्यासारखी काखेत गाठ असलेल्या तरुणीसाठी डॉक्टर वर्षच धरतील. पण सहा महिन्यांवर ठरवून थांबणं आणि पाचव्या डोसनंतर पैसे नाहीत म्हणून येणं थांबवणं यांत फार अंतर आहे. औषध चालू असेतो दर तीन महिन्यांनी इको. तो चुकला तर हॉस्पिटल डोस थांबवतं, आणि मंजुरीही लटकते.

मदतीला कोण, कधी

पहिल्या केमोनंतरच्या दिवशी घरात चौदा माणसं होती, पंधराव्या दिवशी कुणी नाही. नणंदेने फ्रिजवर कॅलेंडर लावलं. केमोनंतरचे दुसरा ते पाचवा दिवस उलटीचे आणि गळून जाण्याचे. तेव्हा डबा हवा आणि धाकटीला सांभाळणारं माणूस. सातवा ते चौदावा दिवस पेशी खाली. तेव्हा पाहुणे नकोत, सर्दी झालेलं तर कुणीच नको. पंधरा ते वीस चांगले दिवस. भेटायला यायचं ते तेव्हा, आणि तेव्हाच तिला सयाजीबागेत फिरवून आणायचं. डबा म्हणजे वरण-भात, मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, गार ताक, सगळं ताजं. ‘ताकद यावी’ म्हणून कुणी चूर्ण किंवा काढा आणला तर तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ द्यायचा नाही. यकृताचे आकडे वर गेले की केमो पुढे ढकलली जाते, आणि ती का ढकलली गेली हे कुणालाच कळत नाही.

धाकटीचं दूध केमोच्या आधी पूर्ण तोडावं लागलं. डॉक्टरांनी दूध आटवायची गोळी दिली. छातीला गार पट्ट्या लावल्या, पिळून काढणं बंद केलं. रात्री पोर रडली की नवरा उठायचा, कारण आईचा वास आला की ती ऐकत नव्हती. या पाच-सहा रात्री घरातल्या सगळ्यांत कठीण गेल्या, केमोपेक्षाही, असं ती म्हणाली. तेव्हा तिला ‘बाळासाठी खंबीर हो’ असं सांगणाऱ्यांनी दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं.

चौदा महिन्यांच्या मुलीचा सोळा ते चोवीस महिन्यांतला बूस्टर आणि पोलिओ रविवार या वर्षात येणारच. तोंडाने देतात त्या पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो बाळाच्या शीतून बाहेर पडतो. घरात केमोचा रुग्ण आहे हे बालरोगतज्ज्ञांना सांगायचं, म्हणजे ते इंजेक्शनची लस देतात. बाकीच्या लशी चुकवायच्या नाहीत. केमोनंतर ४८ तास संडास झाकण लावून दोनदा फ्लश करायचा, तिचे घामाचे कपडे वेगळे धुवायचे. मुलांना जवळ घेणं, पापा देणं, एका ताटात जेवणं, सगळं चालतं. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं ठेवायला सुरुवात केली होती. नणंदेने भांडण केलं नाही. डॉक्टरांसमोर आईंना बसवून त्यांच्याच तोंडून तो प्रश्न विचारून घेतला, आणि ताट परत एकत्र आलं.

थोरल्याला केस जायच्या आधी सांगितलं. ‘एसी’नंतर दोन-तीन आठवड्यांत ते जातातच. आईच्या छातीत एक वाईट गाठ आहे, औषध तिला मारतंय, त्याने केसही जातील आणि परत येतील, हे स्पर्शाने होत नाही. त्याने विचारलं, “मी तिच्या पोटावर उडी मारली म्हणून झालं?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक लहान मुलाच्या मनात असतो, काही जण तो बोलतात, काही नाही. त्यामुळे मुलाने विचारलं नाही तरी उत्तर द्यायचं. वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवलं, विशेषतः वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करावा म्हणून.

पैसे मागताना

नातेवाइकांच्या ग्रुपवर एका चुलत दिराने तिचा टक्कल पडलेला फोटो आणि पेट-सीटीचा रिपोर्ट टाकून आवाहन केलं, तिला न विचारता. फोन नंबर, पत्ता, सगळं त्यावर. तिने दोन दिवस कुणाशी बोलणं सोडलं. आवाहन करायचं असेल तर तिची परवानगी, फोटो शक्यतो नाही, मुलांचा तर मुळीच नाही, रिपोर्टवरचं नाव-पत्ता झाकलेलं, नेमकी रक्कम कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, आणि पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात रुग्ण क्रमांकावर. दुसऱ्यांदा नणंदेने चार ओळी लिहिल्या: ‘कार्डात न बसणाऱ्या तपासण्या आणि गाडीभाडं, तीन महिन्यांचे २४,०००. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी मंगळवारचा डबा किंवा शाळेची ने-आण घ्यावी.’ दोन दिवसांत जमलं. नेमकं मागितलं की माणसं देतात. ‘काही लागलं तर सांगा’ला उत्तर देता येत नाही.

बाहेरच्या मदतीत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला अर्ज करता येतो. हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक, आवकीचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि फोटो लागतो. रक्कम थेट हॉस्पिटलला जाते आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी अर्ज. इंडियन कॅन्सर सोसायटीचा कॅन्सर क्युअर फंड ठरावीक हॉस्पिटलांमधूनच अर्ज घेतो; हॉस्पिटलच्या सामाजिक कार्यकर्त्याला विचारावं. दुसऱ्या मतासाठी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात जायचं तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलने रेल्वेच्या नमुन्यात दाखला द्यावा लागतो. प्रॉव्हिडंट फंडातूनही आजारपणासाठी उचल मिळते, पण तो हात सगळ्यात शेवटी घालावा.

सध्या

ऑपरेशन स्तन वाचवून झालं. रेडिएशनच्या १५ फेऱ्या, आठवड्यातून पाच, तीन आठवड्यांत झाल्या. त्या काळात रोजची ने-आण दोन मामेभावांनी वाटून घेतली. ट्रॅस्टुझुमॅबचे नऊ डोस झाले आहेत, इकोचा आकडा ठीक आहे. डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून व्यायाम चालू आहेत. त्या हातातून रक्त काढायचं नाही आणि त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, हे तिने प्रत्येक तपासणीच्या चिठ्ठीवर लाल पेनाने लिहायला घेतलंय. इतक्या लहान वयात आजार झाला म्हणून ब्राकाची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकीय दोषाची, तपासणी सांगितली आहे. ती पॉझिटिव्ह आली तर इंदूरच्या तिच्या बहिणीलाही तपासावं लागेल, म्हणून बहिणीला आत्ताच कल्पना दिली आहे.

वहीत पुढची नोंद पॉलिसीची आहे. नवऱ्याला हलोलच्या एका कारखान्यातून चार हजार जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे. महिना ३१,००० म्हणजे वर्षाला ३,७२,०००, त्यामुळे कार्डाची मर्यादा ओलांडली जात नाही; तिने पुन्हा बालवाडी धरली तर मात्र ओलांडली जाईल. जुन्या कारखान्याची ग्रुप पॉलिसी त्याच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि या आजारानंतर हिला नवी पॉलिसी सहज कुणी देणार नाही. म्हणून राजीनामा देण्याआधी, त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळण्याचा लेखी अर्ज नणंदेने तयार ठेवला आहे. नव्या कारखान्याच्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, हे तिथल्या एचआरकडून ईमेलवर मागवलं आहे. ते उत्तर येईपर्यंत राजीनामा जाणार नाही.